वरच्या खोलीतलं सेलेनियम

माणसानं नाद करावा, पण ज्याचा नाद करायचा ती वस्तू निदान डोळ्यांना दिसावी. कबुतरांपायी वेडे झालेले मी पाहिलेत, तालमीपायी घर बुडवलेले पाहिलेत, आमच्या पलटणीत एक जण नुसती जुनी कुलपं गोळा करायचा. पण ज्या वस्तूपायी सगळं आयुष्य घालवलं ती अख्ख्या माणसाच्या अंगातून काढून तळहातावर ठेवली तरी फुंकर मारायच्या आत हरवेल, असा नाद असलेला माणूस मी एकच पाहिला. तो माझ्याच घरात, जिन्यानं वर, राहत होता.

नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते वाचतील आणि कुठलं वाक्य कशावरून लिहिलं ते विचारायला फोन करतील. आम्ही घरात त्यांना 'वरचे' म्हणायचो. तोंडावर 'डॉक्टर'. ते रोग्यांचे डॉक्टर नव्हेत. ताप आलेल्या माणसानं त्यांच्याकडे जाऊ नये. गेला तर ताप उतरेपर्यंत त्यांचं बोलणं संपायचं नाही.

माझं म्हणाल तर मी चौथी शिकलेला. माण तालुक्यातून फौजेत गेलो, गाडी चालवली, जयपूरच्या छावणीतून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि पुढे एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिलो. दुर्गापुऱ्यात रेल्वे लाइनच्या कडेचा प्लॉट त्या काळी कुणी घेत नव्हतं, मी घेतला. घर झालं, मागं जागा उरली. त्या जागेत आमच्या हिनं लसूणघास लावला, इकडे त्याला रजका म्हणतात, आणि चहाच्या दुधाला म्हणून एक शेळी आणली. अंगावर तांबूस ठिपके, म्हणून नाव कबरी. ही गेली, कबरी राहिली. मुलगा म्हणतो, "बाबा, जयपूरसारख्या शहरात शेळी कोण पाळतं?" मी म्हणतो, मी पाळतो.

हिचा एक कायदा होता. माप भरायचं ते शिगेनं. पीठ असो, साखर असो, शेजारणीला द्यायचं मीठ असो, भांड्याच्या काठावर डोंगर दिसला पाहिजे. सपाट माप वाण्यानं भरावं, घरानं नव्हे. ती गेल्यावरही हा कायदा मी चालू ठेवला. सून जयपुरातच वाढलेली, तिचं मराठी निम्मं हिंदी. ती म्हणते, "बाबा, साखर मतलब थोडी कमी घाला ना." मी घालत नाही.

तर वरचे खोली बघायला आले तेव्हा माणसं विचारतात तसं पाणी किती वाजता येतं, पंखा आहे का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. खिडकीतून खाली बघत राहिले.

"शेळी काय खाते?"

मी अभिमानानं सांगितलं. मागचा लसूणघास. दुसरं काही नाही. बाजारची पेंड नाही, पोत्यातलं काही नाही, वर्षानुवर्षं त्याच जमिनीतला, त्याच बोअरच्या पाण्यावरचा शुद्ध चारा.

"हं," ते म्हणाले.

त्या 'हं'चा मला त्याच दिवशी राग आला. पण माणूस मराठी होता, एकटा होता, सरकारी प्रयोगशाळेत शेवटची काही वर्षं काढायला बदलीवर आलेला. लग्नाचं विचारलं तर म्हणाले, "राहून गेलं." कोपऱ्यावरून दूध आणायचं राहून जावं तसं म्हणाले. मी खोली दिली.

पहिल्या आठवड्यात मी लसणाची चटणी घेऊन वर गेलो. मी बोलायला तोंड उघडलं तर हे पुढं झुकून वास घ्यायला लागले.

"काका, अंगात सेलेनियम जास्त झालं की श्वासाला असाच वास येतो."

"आमच्यात लसूण खाल्ला की येतो."

त्यांनी चटणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हो, तीही शक्यता आहे," म्हणाले. ते कुठलीही गोष्ट एकदम मान्य करत नसत. शक्यता म्हणून बाजूला ठेवत.

सेलेनियम हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जमिनीतला एक क्षार, गंधकाचा चुलतभाऊ म्हणा. जमिनीतून चाऱ्यात, चाऱ्यातून जनावरात, दोन्हीतून आपल्यात. अंगात तो नुसता पडून राहत नाही, काही ठरावीक प्रथिनांच्या पोटात बसतो आणि मग ती प्रथिनं कामं करतात. एक प्रथिन पेशीतला जाळ विझवतं. पेशीत जाळ कसला, हे मी विचारलं. ते म्हणाले, श्वास घेतो तो प्राणवायू सगळाच कामाला लागत नाही, ठिणग्या उडतात, त्या विझवायला माणूस लागतो. दुसरं एक प्रथिन पाणक्याचं काम करतं. काळजातून, म्हणजे खाटीक ज्याला काळीज म्हणतो त्या लिव्हरमधून, सेलेनियम अंगावर लादून निघतं आणि घरोघर पोचवतं. टंचाई असेल तर त्यातही मानपान. आधी मेंदूला. मग पुरुषाच्या बीजाला. हातापायांचे स्नायू पंगतीच्या शेवटी बसतात, उरलं तर त्यांना.

"हे ठरवलं कुणी?" मी विचारलं.

"ठरवलं कुणी नाही. तसं होतं."

"आमच्या गावच्या पंगतीतही कुणी ठरवत नाही. पण पाटलाच्या पानात तूप आधी पडतं."

हे त्यांना फार आवडलं. पुढं कुणालाही सांगताना ते हीच उपमा देत, आणि माझं नाव घेत. माझं नाव घेतल्यामुळे मला ती चुकीची आहे असं कधी म्हणता आलं नाही.

एकदा ऊन खात बसलो होतो तेव्हा म्हणाले, "काका, फौजेत 'थम' म्हटलं की काय करायचं?"

"थांबायचं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"आता समजा, तुकडीच्या पार शेवटी एक माणूस एका ठरावीक पद्धतीनं वाकून उभा आहे. तो तसा उभा असेल तर त्याच 'थम'चा अर्थ होतो, सेलेनियम उचला आणि पुढे चला."

"त्या माणसाचं कोर्टमार्शल होईल."

"पेशीत होत नाही," ते म्हणाले. "पेशी त्याचं ऐकते." प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, मणी कुठल्या क्रमानं ओवायचे याचा लेखी हुकूम असतो, आणि त्या हुकुमात जिथं थांबा म्हटलंय नेमकं तिथंच ही प्रथिनं सेलेनियमचा मणी ओवून पुढं जातात, असं ते समजावून सांगत होते. मी आयुष्यात असली फौज बघितली नाही. पण एक गोष्ट ध्यानात आली, की हे गृहस्थ जिथं समोरचा माणूस थांबा म्हणतो तिथंच पुढं का जातात.

"अशी किती प्रथिनं?"

"माणसात पंचवीस."

"आणि उंदरात?"

"चोवीस."

"म्हणजे एवढ्या एकाच्या जोरावर आपण बंगले बांधले?"

त्यांनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "नाही काका. त्या एकाचा बंगल्याशी संबंध नसावा."

नखं बघायची त्यांना खोड होती. जास्त सेलेनियम झालं की नखं ठिसूळ होतात, केस जातात, म्हणून समोर आलेल्या प्रत्येकाचा हात ते आधी बघत. गल्लीत बातमी गेली की हवालदार साब के ऊपर एक प्रोफेसर आया है, हाथ देखता है. समोरच्या भाभीजी मुलीला घेऊन आल्या. मुलीचं लग्न जमत नव्हतं. यांनी तिची नखं उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "खाने में क्या लेती हो?" तिनं सांगितलं. हे म्हणाले, "अंडा खाइए. मछली भी अच्छी है."

भाभीजींच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. श्रावण संपेपर्यंत त्यांच्याकडून प्रसादाची वाटी आली नाही. मी वर जाऊन म्हणालो, "डॉक्टर, लोक बघून तरी बोलत जा." त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्यांच्या दारात गेले आणि हात जोडून म्हणाले की डाळ आणि गहूसुद्धा चालेल, मात्र ज्या जमिनीत पिकलेत त्या जमिनीत सेलेनियम असेल तर. भाभीजी मला नंतर म्हणाल्या, "भाईसाब, लड़की की शादी के लिए अब ज़मीन भी देखनी पड़ेगी क्या?"

सुनेला थायरॉईडची गोळी चालू आहे. वरचे रविवारी आमच्याकडे जेवायला असायचे, तिथं तिनं सहज गोळीचं काढलं. हे म्हणाले, गोळीतलं औषध बंद कुलपासारखं असतं. त्यातला आयोडीनचा एक दाणा काढला की मग ते चालू होतं, आणि तो दाणा काढणारं प्रथिन सेलेनियमवालं.

"मग मी सेलेनियमची गोळी पण घेऊ का, अंकल?"

"नको. पुरेसं असेल तर आणखी घेऊन काही होत नाही. जास्त झालं तर केस जातील."

तिनं वेणी पुढं घेतली आणि जेवण होईपर्यंत सोडली नाही.

त्याच रविवारी, का पुढच्या, त्यांनी भर पंगतीत पुरुषाच्या बीजाचा विषय काढला. सून भाकरी वाढत होती, मुलगा खाली मान घालून बसला. यांचं आपलं चालूच. जाळ विझवणारं एक प्रथिन बीजात असतं, बीज तयार होईपर्यंत ते आपलं विझवायचं काम करतं, आणि बीज पक्व झालं की काम सोडून देतं, शेजारच्याचा हात धरून घट्ट उभं राहतं. त्याची भिंत होते. शेपटी जिथं जोडलेली असते तिथं तीच भिंत आधार देते.

"म्हणजे तेच प्रथिन, फक्त नोकरी बदलली," ते मला म्हणाले. "फौजी रिटायर होतो आणि बँकेच्या दारात उभा राहतो तसं."

मी घास खाली ठेवला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, तेवढं मला कळत होतं. तरी मी म्हणालो, "आणि ते दारातून हललं तर?"

"तर शेपटी तुटते. पुढं वंश नाही."

मी जेवायला लागलो. बँकेत मला एवढा मान कुणी दिला नव्हता.

त्यांचं स्वतःचं प्रथिन मात्र वेगळंच. पंचवीसांतलं एक, लहानसं, स्नायूंत राहणारं. त्यावर त्यांनी सगळी हयात घातली. ते काय करतं, हे मी एकदा विचारलं.

"नक्की माहीत नाही."

"तुम्हाला?"

"कुणालाच. अंदाज आहेत."

"मग ते आहे हे तरी कसं कळलं?"

कळलं ते असं, की काही देशांत मेंढ्यांची कोकरं जन्मल्यावर उभीच राहिनात. कापून बघितलं तर मांस पांढरं, शिजवलेल्या कोंबडीसारखं. चाऱ्यात सेलेनियम नव्हतं, आणि चांगल्या कोकराच्या स्नायूत सापडणारं हे प्रथिन त्या कोकरांत नव्हतं. म्हणजे हजर असताना काय करतं ते कुणाला दिसलं नाही. गैरहजेरी तेवढी लागली.

यावर मी थट्टा करणार होतो. केली नाही. आमच्या घरातली एक बाई अशीच होती.

आणि गंमत बघा, ज्या माणसाचं आयुष्य कोकराच्या आजारावर गेलं त्यानं जिवंत शेळीला हात लावलेला नव्हता. त्यांना मांस यायचं ते बर्फात, नळीत. कबरी जिन्याशी उभी असली की ते वरच थांबत आणि "काका, जरा" म्हणून हाक मारत. शेळी काय करते, असं मी विचारलं तर म्हणाले, "बघते."

कबरी म्हातारी झाली होती. त्या वर्षी ती गाभण राहिली ती शेवटचीच, हे तिच्याकडे बघून कळत होतं. तिला आजवर झाले ते बोकडच. घरात इतर दोन शेळ्या होत्या, पण त्या मी मागाहून बाजारातून आणलेल्या. हिनं आणलेली ती कबरीच, आणि कबरीच्या पोटची एक पाठ, म्हणजे मादी करडू, मागं राहावी एवढंच मला हवं होतं. थंडीत जुळं झालं, एक बोकड आणि एक पाठ. मी हिच्या फोटोला सांगितलंसुद्धा.

थोडे दिवस दोन्ही करडं बरी होती. मग एका सकाळी गोठ्यात गेलो तर दोन्ही पडलेली. डोळे लखलखीत, कान टवकारलेले, ओरडणं खणखणीत, पण मागचे पाय ताठ. उभं केलं की लाकडी घोड्यासारखी उभी राहायची आणि आडवी व्हायची. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. तो आला, तरुण होता, हात लावून बघितलं आणि म्हणाला, "बाबूजी, सर्दी का असर है, कमज़ोरी है."

ओरडणं ऐकून वरचे जिन्याच्या अर्ध्यापर्यंत आले होते. तिथंच कठडा धरून उभे. चेहरा असा की माणसाला ओळखीचं कुणी दिसावं आणि नाव घ्यावं की नाही कळू नये.

"काय ते बोला," मी म्हणालो.

"रक्त तपासल्याशिवाय बोलणं बरोबर नाही."

"किती दिवस लागतील?"

"पाठवायचं कुठं, त्यावर आहे. आठवडा, जास्त."

"तोवर ही राहतील?"

मग मीच म्हणालो, चिडून म्हणालो, "डोकं शाबूत, पाय गेले. पंगतीचा शेवट आला वाटतं तुमच्या."

हे ऐकल्यावर तो माणूस जिना उतरून खाली आला. कबरी दारात असताना आला. तिला वळसा घालून करडाजवळ बसला, भीत भीत त्याच्या मांडीवर बोट टेकवलं आणि जनावरांच्या डॉक्टरशी बोलायला लागला. निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी. तो तरुण आधी ऐकत नव्हता, मग ऐकायला लागला, मग म्हणाला, "हो सकता है. इंजेक्शन आता है इसका, विटामिन ई के साथ. ले आता हूँ."

तो गेला तसं मी वरच्यांना विचारलं, "म्हणजे माझ्या चाऱ्यात खोट?"

"चारा उत्तम आहे, काका. जमिनीतच नसेल तर चाऱ्यानं आणायचं कुठून?"

"तुम्ही खोली बघायला आलात तेव्हा 'हं' म्हणालात. तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तेव्हा नुसती शंका होती."

"आणि आता?"

"आताही शंकाच आहे. फक्त करडं पडलीत."

तो लसूणघास हिनं लावलेला. खुरपून, निवडून, तणाची काडी राहू न देता. मी म्हणालो, "टोचा काय टोचायचं ते. पण चाऱ्याचं नाव पुन्हा माझ्या गोठ्यात काढायचं नाही." त्यांनी मान हलवली, आणि मला वाटतं, शब्द पाळला.

जनावरांच्या डॉक्टरनं परत येऊन दोघांना टोचलं. थेंबभर औषध. मी बघतच राहिलो, एवढ्यात काय होणार. तो म्हणाला, पुढची मात्रा लागली तर काही दिवसांनी मीच येऊन देईन, तोवर अजिबात नाही, आणि उरलेली बाटली त्यासाठी इथंच ठेवून गेला. वरच्यांनी ती उचलून सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून स्वेटरची बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोकड दूध पिता पिता मान टाकून गेला. वरचे म्हणाले, हृदयही स्नायूच असतं. मी त्याला मागं पुरून आलो आणि हात धुऊन म्हणालो, "कमी पडलं. बाटली द्या. हिला अजून थोडं टोचून घेतो, सुई धरायला फौजेत शिकलोय."

"नाही."

"डॉक्टर, घर माझं आहे."

"हो."

"शेळी माझी आहे."

"हो."

"मग?"

"मग बाटली माझ्याजवळ आहे." आणि वर म्हणाले, "काका, याचं पुरेसं आणि जास्त यांत फार जागा नाही. तुमच्या घरातलं माप मला माहीत आहे. साखरेला ते चालतं."

असं म्हणून त्यांनी घमेलं पालथं घातलं आणि गोठ्याच्या दारात त्यावर बसले. कामावर गेले नाहीत. दिवसभर बसून. मी आत गेलो की हात खिशावर. माझे गुडघे वाकत नाहीत, आणि करडाला उचलून आचळाला धरावं लागत होतं, नाहीतर ते उपाशी मरणार. मग मी म्हणालो, "एक हात छातीखाली, एक मांडीखाली. आणि कबरीकडे बघू नका, ती बघणारच."

तो माणूस करडू छातीशी धरून कबरीच्या पोटाखाली वाकला. कबरीनं त्यांच्या स्वेटरची बाही चावायला घेतली. त्यांनी हूं की चूं केलं नाही. करडाच्या छातीखालच्या हातानं ते ठोके बघत होते, हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. पुढचे दिवस असेच गेले. कामावरून आले की आधी गोठा, मग जिना. सून मला हळूच म्हणाली, "बाबा, अंकलच्या अंगाला मतलब बकरीचा वास येतो आता." मी म्हणालो, लसणापेक्षा बरा.

त्यांनी करडांना नावं दिली नव्हती. पहिलं आणि दुसरं म्हणायचे. एका दुपारी दुसरीनं पुढचे गुडघे टेकले, मागचं अंग वर केलं, थरथरत राहिली आणि उभी राहिली. तशीच तीन-चार पावलं चालली, घमेल्याशी आली आणि वरच्यांच्या बुटावर मुतली.

मी भिंत धरून उभा होतो. म्हणालो, "डॉक्टर, तुमचं प्रथिन कामाला लागलं."

त्यांनी बुटाकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. डोळे भरलेले होते, हे मी शपथेवर सांगतो. आणि हे डोळे भरलेले गृहस्थ काय म्हणाले? "काका, दोन करडं. एक गेलं, एक उठलं. यावरून काही सिद्ध होत नाही. न टोचताही उठली असती कदाचित."

मला अस्सा राग आला. ज्या वस्तूपायी माणसानं माझं डोकं खाल्लं, भाभीजींशी माझं वैर करून दिलं, ती वस्तू एकदाची काम करून दाखवते आणि हे तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नाहीत. मी त्या दिवसापासून सेलेनियमची बाजू घेतली. रजका कापणाऱ्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या नवऱ्यांना धरून सांगितलं, की पंचवीस प्रथिनं आहेत, पाणक्या आहे, भिंत आहे. माझ्या मागं उभे राहून वरचे म्हणत, "म्हणजे तशी शक्यता आहे." लोकांना वाटायला लागलं की प्रोफेसर मी आणि ते माझे भाडेकरू म्हणून हो ला हो करताहेत, तेही नीट नाही.

भाभीजींनाही मी सेलेनियम पटवून दिलं. त्यांच्या मुलीचं लग्न जमलं. त्याचा सेलेनियमशी संबंध नाही असं वरच्यांनी त्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं.

पुढं ते रिटायर झाले आणि कोल्हापूरला बहिणीकडे गेले. निघताना त्यांनी शेळ्यांसाठी खनिज मिश्रणाची पिशवी आणून ठेवली, त्यात एक प्लॅस्टिकचा मापाचा चमचा. म्हणाले, "काठाबरोबर. बोटानं सपाट करायचा." मी म्हणालो, "बघू." कबरीला त्यांनी लांबूनच नमस्कार केला. ती बघत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

दुसरी मोठी झाली. नाव तेच राहिलं. यंदा ती व्याली, दोन पाठी. बाजारातून आणलेल्या दोघीही त्याच सुमारास व्याल्या. सगळ्यांना गाभणपणी मिश्रण दिलेलं होतं, आणि सगळी करडं पहिल्याच दिवशी उड्या मारत गोठाभर. मी फोन लावला.

"डॉक्टर, दुसरीला दोन पाठी झाल्या. उभ्या आहेत. सगळीच उभी आहेत. आता तरी म्हणा."

ते म्हणाले, "फार बरं वाटलं, काका. पण सिद्ध म्हणायचं तर एका शेळीला न देता बघायला हवं होतं. मग कळलं असतं."

मी म्हणालो, "बरं. पुढच्या खेपेला तसं करू. कुणाला द्यायचं नाही, तुम्ही नाव सांगा."

"म्हणजे?"

"तीन शेळ्या आहेत. तिघींना तुम्ही ओळखता. कुणाची करडं पडू द्यायची, नाव घ्या. मी हवालदार आहे, हुकूम पाळतो."

फोनवर त्यांची बहीण मागं भांडी लावत होती ते ऐकू आलं. मला वाटलं, आता शक्यतांबद्दल बोलतील.

"नको," ते म्हणाले. "सगळ्यांना द्या."

आणि मी फोन ठेवणार तेवढ्यात, "मापात."

सकाळी मी चमचा भरतो. भरताना सवयीनं डोंगर येतो. मग बोट काठावरून फिरवतो आणि वरचं पिशवीत परत पाडतो. आमच्या घरात शिगेशिवाय भरलं जाणारं एवढं एकच माप. सुनेनं बघितलं आणि विचारलं, "बाबा, हे कधीपासून?"

मी सांगितलं, हात थरथरतो हल्ली, शीग राहत नाही.